राजा आल्फ्रेड आणि लोकांची भाषा

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात अँग्लो-सॅक्सन काळाला थोडीच पाने मिळतात आणि परीक्षेच्या धांदलीत आपण तीही भराभर उलटतो. मला मात्र त्या पानांतील एका राजाने विचार करायला लावले.

पाचव्या शतकात रोमन सत्ता ब्रिटनमधून उठल्यावर अँगल, सॅक्सन व ज्यूट या टोळ्या समुद्र ओलांडून तेथे स्थायिक झाल्या. त्यांची बोली हीच इंग्रजीची जननी होय. ५९७ साली पोपने धाडलेला ऑगस्टीन केंटमध्ये उतरला आणि ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन विद्या आली. कायदे आणि कवने लोकभाषेत असत; पण पंडितांची भाषा लॅटिनच. बीडनेही ७३१ साली आपला विख्यात इतिहास लॅटिनमध्येच पूर्ण केला.

७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे मठ जळाले, ग्रंथ गेले, शिकविणारेही उरले नाहीत. ८७१ साली आल्फ्रेड वेसेक्सच्या गादीवर आला. ८७८ मध्ये एडिंग्टन येथे त्याने डेनांचा पराभव केला. पण केवळ तलवारीने राज्य सावरत नाही, हे त्याने ओळखले. आपण गादीवर आलो तेव्हा थेम्सच्या दक्षिणेस लॅटिन जाणणारा एकही माणूस आठवत नाही, अशी खंत त्याने पोप ग्रेगरीच्या ग्रंथाच्या अनुवादाला जोडलेल्या प्रस्तावनेत मांडली आहे.

त्यावर त्याने सुचविलेला उपाय असा : अत्यावश्यक ग्रंथ इंग्रजीत आणावेत आणि ऐपत असलेल्या स्वतंत्र घरांतील मुलांनी प्रथम इंग्रजी वाचावयास शिकावे, लॅटिन त्यानंतर. गुलामांची मुले यात नव्हती, ही त्या काळाची मर्यादा. धर्मशास्त्र हिब्रूतून ग्रीकमध्ये व पुढे लॅटिनमध्ये गेले, मग आपल्या भाषेत का नको, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद होता. वूस्टरच्या बिशपकडे धाडलेली या अनुवादाची प्रत आजही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

१०६६ मध्ये नॉर्मन आले आणि दरबारातून इंग्रजी हटली. तरीही पीटरबरोच्या मठात १९५४ नव्हे, तर ११५४ पर्यंतच्या घटनांची बखर इंग्रजीतच लिहिली गेली.

आज जिच्या वैभवाने आपण दिपून जातो, त्या भाषेलाही एके काळी विद्येच्या दारात उभे राहावे लागले होते. भाषा जन्मतः ज्ञानभाषा नसते. कुणीतरी कष्टाने तिच्यात ज्ञान आणावे लागते. मराठीतून शिकणाऱ्या आपण सर्वांनी आल्फ्रेडकडून एवढे जरूर घ्यावे.