कष्टकरी स्त्री आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

कामगार चळवळीतल्या माणसांनी मजुरी आणि कामाचे तास यांवर बोलावे आणि बायकांच्या दुखण्यांवर डॉक्टरांनी बोलावे, अशी एक वाटणी आपल्याकडे होऊन बसली आहे. ती आम्हांला मान्य नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आजार तर असा आहे की, त्याची गाठ पुष्कळदा मजुरीशीच जाऊन पडते. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. विशेष हे की, वेळीच पाहिले तर टाळता येतो असा हा कर्करोग आहे.

हा रोग होतो कसा, ते आधी पाहू. आपल्या बायका गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. या पिशवीचे तोंड खाली योनिमार्गात उघडते, तेच गर्भाशयमुख. रोगाची सुरुवात तेथे होते. तो देवाच्या कोपाने होत नाही, की कोणाच्या पापाने होत नाही. त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो. हेराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने हा संबंध दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूला एच. पी. व्ही. म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी सोळा आणि अठरा या क्रमांकांचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या शंभरांतल्या सुमारे सत्तर रोगिणींना कारणीभूत होतात.

हा विषाणू स्त्रीपुरुष-संबंधातून पसरतो आणि तो इतका सर्रास आढळतो की, आयुष्यात केव्हा ना केव्हा बहुतेकांना त्याची बाधा होते. बहुतेकींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप घालवून देते. थोड्या जणींत मात्र तो ठाण मांडून बसतो आणि गर्भाशयमुखावरील पेशी हळूहळू बिघडू लागतात. या बिघाडाचा कर्करोग होण्यास साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. शरीराची प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर हा काळ पाच ते दहा वर्षांवर येतो. म्हणजे हा शत्रू नोटीस देऊन येतो. अडचण एवढीच की, ती नोटीस बाईला स्वतःला वाचता येत नाही. त्या काळात दुखत नाही, खुपत नाही. ती वाचण्यासाठी तपासणीच करावी लागते.

तपासणीचा सर्वांत साधा प्रकार असा : गर्भाशयमुखावर सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. असा भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकता येतो. बहुधा पूर्ण भूलही द्यावी लागत नाही आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. दुसरा प्रकार म्हणजे पेशींचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसरा, विषाणूचीच चाचणी करणे.

यांत कोणती तपासणी किती उपयोगाची, याचा मोठा शोध आपल्याच भूमीत लागला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात सामील होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली अशा गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. व्हिनेगरची तपासणी एकदाच केल्याने मात्र तेथे मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून हीच तपासणी दर दोन वर्षांनी करण्यात आली, तेव्हा या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या; काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. या अभ्यासांत तुलनेच्या गटातील बायकांना तपासणीविना ठेवले, यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. ज्यांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले, त्या गरीब बायकांपर्यंत त्याचा लाभ पोहोचवणे हे म्हणूनच आपल्यावरचे ऋण आहे.

ते ऋण फिटले आहे काय? २०१६ च्या सरकारी मार्गदर्शनात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी असे म्हटले आहे. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती.

याचे कारण निव्वळ अज्ञान, असे म्हणून सुशिक्षित मंडळी मोकळी होतात. आम्ही ऊसतोडीच्या फडाकडे बोट दाखवू. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीवर चढतो. जिला पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावी लागते, तिने काही दुखत नसताना दवाखान्यात जावे, अशी अपेक्षा कोण करील? आणि तपासणी नाही म्हणून भीतीला मोकळे रान मिळते. २०१९ साली बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. अंगावरून पांढरे जाते म्हणून गेलो, तर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आले, असे कितीतरी जणींनी सांगितले. काही आजारांत पिशवी काढणे भागच असते, हे खरे. पण पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. जेथे साधी तपासणी पुरली असती, तेथे बाईने अवयव दिला आणि वर कर्ज काढले.

तेव्हा काय करावे, ते थोडक्यात सांगतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने तपासणी करून घ्यावी. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काही दिसले तर एक आठवडाही थांबू नये. पिशवी काढा असे कोणी म्हटले, तर ‘कोणत्या तपासणीवरून?’ असे विचारावे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना लस टोचावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलींना एक मात्राही चालेल असे सांगितले. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवू नये, कारण लस सर्वच प्रकारांना अडवत नाही.

पुरुषांनाही दोन शब्द. हा विषाणू आपल्याकडूनही जातो. म्हणून बायकोच्या तपासणीला लाजेचा विषय करण्याचा हक्क आपल्याला नाही. मजुरीच्या करारात आपण जशी दरवाढ मागतो, तशीच कामावरच्या प्रत्येक स्त्रीसाठी तपासणीची एक भरपगारी सुटी मागू या. आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी गावातच तपासणीची सोय व्हावी, हेही मागू या. कारखान्याला याचा खर्च अगदी थोडा येईल. घरातली बाई गेल्यावर घराचे जे होते, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे.