अंगरखा आणि अंतःकरण

शौल राजावरून देवाचे मन उडाले आणि नव्या राजाच्या शोधात शमुवेल संदेष्टा बेथलेहेमात इशायाच्या घरी गेला, अशी कथा बायबलच्या जुन्या करारात आहे. इशायाचा थोरला मुलगा अलीयाब उंचापुरा होता. त्याला पाहताक्षणी शमुवेलाने मनात ठरवून टाकले की राजा हाच. तेव्हा देवाने त्याला थांबवले: चेहरा आणि उंची ही माणसांची मोजमापे, आपली पारख हृदयाची आहे. सात मुलगे एकामागून एक समोरून गेले, एकही पसंत पडला नाही. आठवा, धाकटा दावीद, मेंढरे राखायला गेला होता आणि त्याला बोलवावे असे खुद्द बापालाही सुचले नव्हते. अखेर त्याला रानातून आणवले आणि त्याच्याच डोक्यावर तेल ओतले गेले. बाह्यरूपापेक्षा अंतरंग मोठे, या ख्रिस्ती विचाराचे मूळ सांगताना बहुतेक वेळा याच प्रसंगाकडे बोट दाखवले जाते.

या कथेत एक गंमत आहे. दावीद समोर येताच कथाकार सांगून टाकतो की तोही तांबूस वर्णाचा, सुंदर डोळ्यांचा, देखणा होता. म्हणजे देखणेपणाबद्दल तक्रार नाही. फक्त ते निवडीचे माप नाही. हे माप कसे फसते ते त्याच ग्रंथात पुढे दिसते. दाविदाचा मुलगा अबशालोम इस्राएलात सर्वांत रूपवान, टाळूपासून तळपायापर्यंत कुठे डाग नाही. वर्षाच्या काठी तो केस कापी तेव्हा त्यांचे वजन राजाच्या मापाने दोनशे शेकेल भरे, आजच्या हिशेबाने सव्वादोन किलोच्या आसपास. त्याने बापाविरुद्ध बंड केले आणि लढाईत पळताना त्याचे डोके झाडाच्या फांद्यांत अडकले. मूळ मजकुरात डोके अडकले एवढेच आहे. केस अडकले ही पुढच्या वाचकांची भर, पण त्या केसांचे वजन ऐकल्यावर कोणालाही ती सुचावी.

इथे ‘हृदय’ म्हणजे काय, हेही पाहायला हवे. हिब्रू भाषेतला ‘लेव’ हा शब्द केवळ भावनांचे घर नव्हे. त्या भाषेत कळवळा आतड्यांत असतो, तर विचार, इरादा आणि निर्णय हृदयात. तेव्हा देव हृदय पाहतो याचा अर्थ तो माणसाचा हळवेपणा पाहतो असा नाही; माणूस काय ठरवतो आणि का ठरवतो हे पाहतो. ख्रिस्ती परंपरा ज्याला अंतरीचे शील म्हणते ते हेच. मनात चांगले आहे, मग वागणे कसेही असले तरी चालते, ही पळवाट या शब्दात बसत नाही.

चार शुभवर्तमानांत येशूच्या रूपाचे कुठेही वर्णन नाही. उंची, वर्ण, केस, डोळे, काहीच नाही. लांब केस आणि दाढी ही पुढच्या चित्रकारांची देणगी. दुसऱ्यांच्या बाह्य आचाराबद्दल मात्र येशू सविस्तर बोलतो, आणि मत्तयकृत शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय तर त्यानेच भरलेला आहे. धर्मशास्त्रातली वचने चर्मपत्रावर लिहून चामड्याच्या छोट्या डब्यांत घालायची आणि प्रार्थनेच्या वेळी कपाळाला व दंडाला बांधायची, ही यहुदी रीत. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्या काळच्या अशा डब्या सापडल्या आहेत आणि त्या अगदी लहान, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या आहेत. त्या दुरून दिसाव्यात म्हणून कोणी मोठ्या करून घेत असेल, तर ती वचने कोणासाठी बांधली हा प्रश्न उरतोच. त्याच अध्यायात चुन्याने रंगवलेल्या कबरींची उपमा येते. तिच्यामागे रोजचा व्यवहार होता. कबरीला नकळत स्पर्श झाला तरी विटाळ होतो, म्हणून वल्हांडण सणाच्या आधी कबरींवर चुन्याची खूण करीत, जेणेकरून यात्रेकरूंनी बाजूने जावे. चुना शोभेचा नव्हता, तो धोक्याचा इशारा होता. पांढरीशुभ्र दिसते तिथूनच लांब राहा, हा त्या उपमेतला डंख आज सहज निसटतो.

या अध्यायाचा रोख परुशी या यहुदी पंथावर असल्यामुळे ‘परुशी’ हा शब्द ख्रिस्ती बोलण्यात ढोंग्याला समानार्थी झाला, आणि हा त्या लोकांवर अन्यायच आहे. परुशी हे धर्मशास्त्र सामान्यांच्या घरापर्यंत, ताटवाटीपर्यंत नेऊ पाहणारे गंभीर लोक होते, आणि दिखाऊ धार्मिकतेची थट्टा त्यांच्या वारशातही सापडते. ताल्मूद या यहुदी ग्रंथात परुश्यांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक आपली पुण्यकर्मे खांद्यावर मिरवतो. दुसरा बाई दिसू नये म्हणून डोळे मिटून चालतो आणि भिंतीवर आपटून कपाळ रक्तबंबाळ करून घेतो. येशूची टीका परक्याने केलेली नव्हती. ती घरातल्या भांडणातली होती.

डोंगरावरील प्रवचनात हाच विचार आणखी नेमका होतो. दान, प्रार्थना आणि उपास, या तिन्हींबद्दल येशू एकच प्रश्न विचारतो: पाहणारा कोण आहे? जो लोकांनी पाहावे म्हणून करतो त्याला ग्रीक मजकुरात ‘हुपोक्रितेस’ म्हटले आहे, आणि रोजच्या ग्रीक भाषेत त्याचा अर्थ नाटकातला नट असा होता. नटाला टाळ्या मिळाल्या की त्याचा हिशेब मिटला. उपास करणाऱ्याने तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, चारचौघांसारखे दिसावे, असा सल्ला तिथे आहे. म्हणजे आतले खरे ठेवण्यासाठी बाहेरून नीटनेटके दिसायचे. मळके कपडे आणि उतरलेला चेहरा हीदेखील वेशभूषाच असू शकते, हे येशूने ओळखले होते. पुढच्या दोन हजार वर्षांत चर्चचा पाय पुन्हापुन्हा घसरला तो याच जागी.

मग अंतरंग ओळखायचे कशावरून? पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, शांती, सौम्यता असे नऊ गुण मोजतो, आणि त्या नवांना मिळून ‘फळ’ हा एकवचनी शब्द वापरतो. फळ चिकटवता येत नाही, ते झाडाला धरावे लागते आणि त्याला ऋतू जावा लागतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे दृश्य आहे. तिथे भुकेल्याला जेवण, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट, अशाच गोष्टी विचारल्या जातात. ज्यांची वाहवा होते ते गोंधळून विचारतात की हे आम्ही केव्हा केले? त्यांनी त्याची वहीच ठेवलेली नव्हती.

पेत्राच्या पहिल्या पत्रात स्त्रियांना उद्देशून वेण्या, सोने आणि उंची वस्त्रांपेक्षा अंतःकरणातल्या सौम्य, शांत वृत्तीचा अलंकार श्रेष्ठ मानला आहे. रोममधल्या संग्रहालयांत पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातले श्रीमंत स्त्रियांचे संगमरवरी अर्धपुतळे पाहिले की हा संदर्भ लागतो. कपाळावर कुरळ्यांचा उंच मनोरा, मागे वेण्यांचा गुंडाळा, आणि हे सारे रोज रचायला हाताशी दासी. केशरचना ही ऐपतीची जाहिरात होती आणि मंडळीत त्या दासीही येत. याकोबाचे पत्र हेच पुरुषांच्या बाजूने सांगते. बोटात सोन्याची अंगठी घातलेला एक जण आणि फाटक्या कपड्यांतला गरीब एकाच वेळी सभेत येतात. पहिल्याला चांगली जागा, दुसऱ्याला पायाशी. रोमन समाजात सोन्याची अंगठी ही वरच्या वर्गाची खूण होती. याकोबाचा राग अंगठीवाल्यावर नाही, जागा देणाऱ्यावर आहे. पुढे चर्चने पेत्राचे वचन बायकांच्या वेण्या मोजायला भरपूर वापरले. याकोबाचे वचन पुढच्या रांगांतल्या खुर्च्या मोजायला त्या मानाने फार कमी वापरले गेले.

साधेपणाचा पोशाख कसा होतो, याचे ठळक उदाहरण फ्रान्सिस्कन पंथात मिळते. इटलीतल्या असिसी गावचा फ्रान्सिस हा पिएत्रो बर्नार्दोने या कापडव्यापाऱ्याचा मुलगा. तरुणपणी त्याला चांगल्या कपड्यांची हौस होती. 1206 मध्ये बापाशी वाद बिशपपुढे गेला, तेव्हा त्याने अंगावरचे कपडे उतरवून बापासमोर ठेवले आणि उघड्या अंगाने उभा राहिला. बिशपने त्याला आपल्या झग्याखाली घेतले. त्याचा म्हणून जपलेला ठिगळांचा अंगरखा आजही असिसीत पाहायला मिळतो. 1223 मध्ये पोपने त्याच्या बंधूंसाठी जी नियमावली मंजूर केली, तिच्यात हलके कपडे घाला, त्यांना गोणपाटाची ठिगळे लावा असे सांगितले आहे आणि लगेच ताकीद दिली आहे: मऊ, रंगीत कपडे घालणाऱ्यांना तुच्छ लेखू नका, त्यांचा न्याय करू नका, न्याय करायचा तर स्वतःचा करा. ठिगळाचाही गर्व होतो, हे ठिगळ लावणाऱ्याला माहीत होते.

त्या ताकिदीचे पुढे काय झाले? फ्रान्सिस 1226 मध्ये वारला. शंभर वर्षे व्हायच्या आत त्याच्याच पंथात अंगरखा किती आखूड आणि किती भरड असावा, कोठारात धान्य साठवावे की नाही, यावर तट पडले. 1317 मध्ये पोप बाविसाव्या योहानने आखूड अंगरखे टाकून वरिष्ठांचे ऐकण्याचा हुकूम काढला. तो न मानणाऱ्या चार बंधूंना 1318 मध्ये मार्सेय शहरात जिवंत जाळले. गरिबीचा वेश काहींना प्राणापलीकडे प्रिय झाला आणि काहींना त्यासाठी प्राण घेण्याइतका सलला. दोन्ही बाजू फ्रान्सिसचेच नाव घेत होत्या.

इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाचा किस्सा इतका रक्तरंजित नाही. डामडौल नको म्हणून त्यांनी साधे कपडे स्वीकारले, आणि दोन पिढ्यांत त्या साधेपणाचा गणवेश होऊ लागला. या पंथाच्या आद्य आधारस्तंभांपैकी एक असलेल्या मार्गारेट फेल यांनी 1700 मध्ये, पंच्याऐंशी ओलांडलेल्या वयात, पत्र लिहून याला विरोध केला. सगळ्यांनी एकाच रंगाचे, एकाच बेताचे कपडे घालावेत ही शिकवण त्यांना अगदीच दरिद्री वाटली. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. करडे कपडे आणि बॉनेट ही पुढे दीडएक शतक क्वेकरांची ओळख होऊन बसली.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. इथे बाहेरच्या खुणांवरून माणूस मोठा की लहान एवढेच नव्हे, तर ख्रिस्ती आहे की नाही हेच ठरवले जाऊ लागले. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालय सुरू झाले. 1736 मध्ये त्याने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना ज्या गोष्टींची बंदी केली, त्यांत दारातली तुळस, मिठाशिवाय शिजवलेला भात, पुरुषांचे पुडवे म्हणजे धोतर आणि बायकांची चोळी होती. भातात मीठ आहे का, यावरून अंतःकरणाची परीक्षा! त्याआधी शंभरएक वर्षे तमिळ मुलुखात मदुराईला रोबेर्तो दे नोबिली हा जेझुइट धर्मगुरू संन्याशाच्या वेशात राहत होता. जानवे, शेंडी आणि गंध या सामाजिक खुणा आहेत, त्या ख्रिस्ती झालेल्यांनी ठेवल्या तर बिघडत नाही, असे त्याचे म्हणणे. वाद रोमपर्यंत गेला आणि 1623 मध्ये पोपने काही अटींवर त्याला परवानगी दिली. एकाच चर्चचे हे दोन निवाडे. त्यांतला पहिला शमुवेलाच्या पहिल्या नजरेचा आहे, असे म्हणावे लागते.

पंडिता रमाबाईंनी हा झगडा स्वतःपुरता लढून पाहिला. इंग्लंडमधल्या वाँटेज इथे 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी शाकाहार सोडला नाही, तेव्हा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे हवीत की संस्कृत, इथवर पत्रव्यवहार गेला. रमाबाईंचे उत्तर असे की पूर्वजांच्या ज्या चालीरीती श्रद्धेच्या आड येत नाहीत त्या आपण ठेवणार. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबायका त्यांनी सांभाळल्या. रमाबाई काय खात होत्या, हा प्रश्न तिथे कोणाला पडला नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आणखी पुढे गेले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी जशी जागा होती तशीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठीही. बाह्यविधीचे माप याहून कमी करणे मराठी ख्रिस्ती समाजात क्वचितच कोणाला जमले.

तरीही ख्रिस्ती धर्माने बाहेरच्या खुणा कधीच टाकून दिल्या नाहीत. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस यांना त्याच्या बहुतेक पंथांच्या उपासनेत जागा आहे. या ओढाताणीचे सर्वांत बोलके दृश्य दर वर्षी राखेच्या बुधवारी दिसते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि धर्मगुरू ती प्रत्येकाच्या कपाळावर क्रूसाच्या आकारात लावतात. कॅथलिक मिस्सेत त्या दिवशी वाचला जाणारा पहिला पाठ योएल संदेष्ट्याचा: वस्त्रे फाडण्यापेक्षा हृदये फाडा, हे त्याचे सांगणे. शुभवर्तमानाचा पाठ डोंगरावरील प्रवचनातला, उपास करताना तोंड धुवा सांगणारा. तो ऐकून झाला की लोक रांगेत उभे राहून कपाळाला राख लावून घेतात आणि तसेच ऑफिसला, बाजारात, लोकलच्या डब्यात जातात. कोणी पायरी उतरताच रुमालाने पुसतो, कोणी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवतो. पुसावी की ठेवावी, याबद्दल चर्चचा कोणताही नियम नाही.