टाळू कोणती? डोक्यावरची की तोंडातली?



उन्हाळ्यातल्या जुलाबांवर आम्ही एक भाषण तयार केलं होतं. त्यात एक वाक्य होतं, "बाळाची टाळू आत गेलेली दिसली तर लगेच दवाखाना गाठा." रेडिओवर देण्याआधी ते भाषण माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, "दवाखाना लांब असला तर तोंडात बोट घालून टाळू वर उचलायची का?"

आम्ही गप्पच झालो. आजींचं काही चुकलं नव्हतं. वाक्य आमचं अर्धवट होतं. म्हणून आजचं भाषण त्या एकाच शब्दावर.

आपल्या मराठीत टाळू दोन. पहिली डोक्यावरची. बाळाला न्हाऊ घालताना आपण तेलाने भरतो ती. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा" असं आपण म्हणतो, तीही हीच. दुसरी तोंडातली, म्हणजे तोंडाचं छत. तहान लागली की जीभ चिकटते ती. शाळेत च, छ, ज, झ ही तालव्य अक्षरं शिकलो, त्यांचं नाव या टाळूवरून पडलं. शब्द एक, पण जागा दोन. दोन्हींच्या मधे नाक, कवटीचा हाडाचा तळ आणि सगळा मेंदू आहे. तोंडातली टाळू कितीही दाबली तरी डोक्यावरची वर येत नाही. उलट बोटाने कोवळ्या तोंडाला जखम होते, घाण पोटात जाते आणि दवाखान्यात जायचा मोलाचा वेळ वाया जातो.

असा समज फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. पार मेक्सिकोतही डोक्यावरची टाळू खाली गेली की बाळाच्या तोंडात बोट घालून वर ढकलायची जुनी पद्धत आहे. आई कुठलीही असो, खोल गेलेला खड्डा दिसला की तो वर उचलावा असंच तिला वाटणार. पण तो खड्डा का पडतो, हे आधी समजून घेऊ.

बाळाची कवटी एका अखंड हाडाची नसते. हाडांचे वेगवेगळे पत्रे असतात आणि ते चिवट पडद्याने जोडलेले असतात. बाळंतपणाच्या वेळी अरुंद वाटेतून येताना हे पत्रे थोडे एकमेकांवर सरकतात, म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं. पुढेही ही मोकळीक लागते. जन्मावेळी मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो आणि वर्षभरात तो दुपटीहून जास्त वाढतो. कवटी आधीच घट्ट जुळली असती तर तो वाढला कुठे असता?

जिथे हे पत्रे एकत्र येतात तिथे मऊ जागा राहते. कपाळाच्या वर आहे ती मोठी, शंकरपाळ्याच्या आकाराची. डोक्याच्या मागे आहे ती लहान, तीन कोनांची. मागची दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची बहुतेक बाळांत दीड वर्षापर्यंत भरते, काहींना दोन वर्षंही लागतात. ती हाड वाढून आपोआप भरते. तेलाने डोकं मऊ राहतं, बाळाला बरं वाटतं, पण तेल आत जात नाही आणि त्याने टाळू भरतही नाही. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, दाबायचं मात्र नाही. दोन वर्षांनंतरही टाळू उघडी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

या जागेला डॉक्टर फॉन्टॅनेल म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लहानसा झरा. बाळाची टाळू उडताना तुम्ही पाहिलीच असेल. ते रक्ताचे ठोके असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायकांना झरा आटणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जुलाब-उलट्यांनी बाळाच्या अंगातलं पाणी गेलं की ही जागा खोल जाते. खड्डा पडतो तो पाणी कमी झाल्यामुळे. म्हणून त्यावर उपाय पाण्याचाच.

टाळू बघायची ती बाळ शांत असताना आणि उभं धरून. रडताना ती फुगते, निजलेल्या बाळाची वेगळी दिसते. खोल वाटली तर बाकीच्या खुणाही बघा. डोळे आत गेलेत का? तोंड कोरडं आहे का? लघवी कमी झाली का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते का? जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. चमच्याचमच्याने पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. उरलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. आशाताईंकडून पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी गोळ्या १४ दिवस पूर्ण करा. टाळू खोल गेली असेल तर पाणी पाजत पाजतच दवाखान्यात निघा. बाळ मलूल पडलं, पिईना, तर १०८ ला फोन करा.

याच्या उलटही होतं. बाळ शांत असताना टाळू वर फुगलेली, ताठ दिसली, सोबत ताप, उलट्या किंवा झटके असले, तर मेंदूला सूज असू शकते. तेव्हा घरचा कुठलाच उपाय नको, डाग तर मुळीच नको. लगेच निघायचं.

तोंडातल्या टाळूचा आजार वेगळा. काही बाळं दुभंगलेली टाळू घेऊन जन्मतात. दूध नाकातून येतं, पुढे बोलणं स्पष्ट होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा बाळांची तपासणी आणि शस्त्रक्रिया होते. पण कुणी "बाळाच्या टाळूला भोक आहे" एवढंच म्हटलं, तर ऐकणारी डोक्यावरची मऊ जागा समजेल आणि "भरेल आपोआप" म्हणून सोडून देईल. तोंडातली टाळू आपोआप भरत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचं मोठं काम झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, पण त्याआधी १९७३ साली परिभाषासंग्रह निघाला होता. शास्त्र मराठीत सांगायचं तर कुठला शब्द कशासाठी, हे ठरवावंच लागतं. डोक्यावरच्या टाळूला 'कलांतराल' असा एक काटेकोर शब्द पुस्तकांत आहे. तो रेडिओवर वापरला असता तर चुकीचा अर्थ कुणी घेतला नसता, कारण अर्थच कुणाला लागला नसता.

म्हणून आम्ही आपला घरचाच शब्द ठेवला आणि त्याला एक शब्द जोडला. आता आम्ही नुसतं 'टाळू' म्हणत नाही. 'डोक्यावरची टाळू' म्हणतो, नाहीतर 'तोंडातली टाळू'. तुमच्या गटात, अंगणवाडीत, दवाखान्यात सांगतानाही तसंच सांगा. डॉक्टर, नर्सताई नुसतं टाळू म्हणाल्या तर न लाजता विचारा, "कोणती?"

त्या दिवशी आजींनी विचारलं नसतं, तर आमचं अर्धवट वाक्य तसंच घरोघर गेलं असतं.