विश्लेषण : हॅम रेडिओचा रिपीटर बोलतो, पण ऐकत का नाही?

पालघर तालुक्यातील माकुणसारसारख्या किनारपट्टीच्या गावात वादळात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले, तर हॅम रेडिओ हा संपर्काचा पर्याय उरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. डहाणू-तलासरी पट्ट्याला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत राहिले. अशा वेळी हातातल्या पाच वॉटच्या संचाची मदार रिपीटरवर असते. तोच बहिरा झाला तर?

रिपीटर काय करतो?

व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर आणि इमारती आड आल्या की क्षीण होतात. उंचावरचा रिपीटर संदेश एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक ताकदीने सोडतो. दोन मीटर बँडमध्ये या दोहोंत सहसा ६०० किलोहर्ट्झचेच अंतर असते.

खरखर येते कुठून?

अॅम्प्लिफायर ५० वॉट सोडत असताना शेजारच्या रिसीव्हरला ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल टिपायचा असतो. शक्तीतला हा फरक एकावर १६ शून्ये मांडावीत, त्याहून मोठ्या पटीचा! दोघांना वेगळे ठेवण्याचे काम डुप्लेक्सर करतो. त्याची जुळणी बिघडली किंवा अॅम्प्लिफायर जास्त खरखर निर्माण करू लागला, की रिसीव्हर बहिरा होतो. अशा वेळी वॉट वाढवले तर त्रास आणखी वाढतो.

दोष लपून का राहतो?

जवळचे जोरकस संच नीट ऐकू येतात. दूरचा क्षीण सिग्नल आला की मात्र रिपीटर सुरू होतो, स्वतःच्याच खरखरीने सिग्नल हरवतो, बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. असा तुटक आवाज ही बहिरेपणाची पहिली खूण.

तपास कोणत्या क्रमाने?

● ट्रान्समीटर बंद असतानाही खरखर असेल, तर कारण बाहेर शोधावे. रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारांवरील ठिणग्या किंवा जवळचे चार्जर कारण असू शकतात. रिपीटरचा स्वतःचा चार्जर बंद करून तो फक्त बॅटरीवर चालवून पाहावा.

● ट्रान्समीटर सुरू होताच क्षीण सिग्नल बुडत असेल, तर संच बंद करून अँटेनाच्या जागी डमी लोड जोडावा आणि सिग्नल जनरेटरचा क्षीण सिग्नल कपलरमधून द्यावा. खरखर गेली, तर दोष अँटेना, केबल किंवा क्लॅम्पमध्ये आहे. खाऱ्या हवेने गंजलेला सांधाही खरखर निर्माण करतो.

● खरखर राहिली, तर अॅम्प्लिफायर वगळून कमी शक्तीवर चालवावे. आता ती थांबली, तर संशय अॅम्प्लिफायर आणि डुप्लेक्सरवर. अॅम्प्लिफायर पूर्ण भारावर असताना १३.८ व्होल्ट टिकतात का, पंखा फिरतो का, हे आधी पाहावे. बारीक वायरमुळे व्होल्टेज पडते आणि अॅम्प्लिफायर अस्थिर होऊ शकतो.

काळजी कोणती?

लोड न जोडता ट्रान्समीटर कधीही सुरू करू नये. अॅम्प्लिफायर जळू शकतो. प्रसारण फक्त परवानाधारकानेच करावे. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो.

दुरुस्तीनंतर दूरच्या गावातून, हातातल्या संचाच्या सर्वांत कमी शक्तीवर बोलून पाहावे आणि निकाल वहीत नोंदवावा. दर पावसाळ्याआधी हीच चाचणी पुन्हा केली, तर बहिरेपणा वादळाच्या आधी कळतो.