रानडुकराचा बंदोबस्त आणि अपंग शेतकरी : परवाना कुणाचा, साधनं कोणती?



गेल्या हंगामात मका कणसावर आला असताना एका श्रोत्याचं पत्र आलं. पायाने अधू, तीन एकर कोरडवाहू, आणि रात्री रानडुकरांचा कळप. त्यांनी विचारलं होतं, "अमेरिकेत म्हणे अपंगांना शिकारीचा खास परवाना मिळतो. आपल्याकडे मिळतो का?"

तिकडची गोष्ट खरी आहे. विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत, ज्याला चालता येत नाही त्याला थांबलेल्या गाडीतून नेम धरायची परवानगी मिळते. चाकाच्या खुर्चीला बंदूक बसवायचं स्टँड मिळतं. बोटं चालत नसतील तर तोंडातल्या नळीने श्वास ओढून चाप दाबायची सोयही निघाली आहे. पण तिकडे शिकार हा छंद आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकार पुरती बंद झाली. त्यामुळे अपंगांसाठी वेगळा परवाना नाही, धडधाकटांसाठीही नाही. आहे ती पिकाच्या रक्षणापुरती परवानगी.

ही परवानगी कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हे प्राणी आता अनुसूची २ मध्ये येतात. त्यांच्यापासून माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका झाला आहे अशी खात्री पटली, तर अधिकार दिलेला वनाधिकारी कारणं नमूद करून लेखी हुकूम देऊ शकतो. आता नीट लक्ष द्या. हा हुकूम 'कोणत्याही व्यक्तीला' देता येतो, असं कायदा म्हणतो. म्हणजे शेत तुमचं, तक्रार तुमची, पण बंदूक तुम्हीच धरली पाहिजे असं नाही. शस्त्रपरवाना असलेल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने परवानगी मागता येते. आपला हात चालत नाही म्हणून अर्जच न करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांनी ही ओळ अधोरेखित करून ठेवावी.

अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा. गट नंबर, पीक, नुकसान कधीपासून, आणि गोळी कोण चालवणार त्याचं नाव व शस्त्रपरवान्याची नक्कल. पोचपावती घ्यायला विसरू नका. मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं. ते वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, वाटे घालायचे नाहीत. परवानगीशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरं सांगायचं तर बंदुकीने एखादं डुक्कर पडतं, कळप पुन्हा येतोच. माझा भरवसा कुंपणावर जास्त. पण कोणतं कुंपण? आमच्या भागातला एक शेतकरी, उजवा हात मळणी यंत्रात गेलेला. रात्री धावून हाकलणं जमेना म्हणून त्याने खांबावरून आकडा टाकून बांधाला तार लावली. मी बांधावर गेलो तेव्हा त्याची म्हातारी आई त्याच तारेपासून दोन हातांवर गवत कापत होती. आम्ही तार तिथल्या तिथे काढली. २३० व्होल्टचा सलग प्रवाह डुक्कर आणि माणूस यात फरक करत नाही. अशा तारेने माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, शिवाय वीजचोरी वेगळी.

त्याच शेतात नंतर झटका मशीन बसलं. यात १२ व्होल्टच्या बॅटरीवरून साधारण सेकंदाला एक ठोका तारेत जातो. दाब हजारो व्होल्टचा, पण ठोका इतका क्षणिक की जनावर दचकून मागे फिरतं, चिकटून मरत नाही. मशीन प्रमाणित कंपनीचंच घ्या, घरी जुळवलेलं नको. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर, वर आणखी दोन. रोही असतील तर माणसाच्या छातीच्याही वर जावं लागतं. अर्थिंग ओलाव्याच्या जागी खोल ठोका. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, आणि निम्म्या तक्रारी तेवढ्याच असतात.

अपंग शेतकऱ्याने बसवतानाच थोडा विचार करावा. मशीन आणि बटण घराच्या ओसरीवर, बसून हात पोचेल अशा उंचीला. फाटकाला एका हाताने निघणारा प्लॅस्टिक मुठीचा स्प्रिंगचा आकडा. तारेच्या आतून तीनचाकी किंवा कुबडी जाईल एवढी वाट मोकळी, म्हणजे गवत काढणाऱ्याला सगळा बांध दाखवता येतो. मशीन टकटक वाजतं आणि दिवाही लुकलुकतो. ज्याला दिसत नाही त्याने आवाज ऐकावा, ज्याला ऐकू येत नाही त्याने दिवा बघावा. कार्बाइडच्या नळीच्या तोफा मात्र शेतात आणू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्यांनी कित्येक पोरांचे डोळे अधू केले.

सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि पंचायत समितीत करा. अर्जाला अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड जोडाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी विकास योजनांत ५ टक्के वाटा राखीव आहे, त्यात महिलांना अग्रक्रम.

एवढं करूनही पीक तुडवलं गेलं, तर शेत आवरू नका. तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेली ताटं तशीच पडू द्या. कचेरीपर्यंत जाणं होत नसेल तर घरच्या कुणाच्या हाती सहीचा अर्ज पाठवा. पण पंचनाम्याच्या वेळी, कुणी उचलून न्यावं लागलं तरी, तुम्ही स्वतः बांधावर हजर राहा.