आधी मांजरपाट, मग चामडं

मासवणच्या हवेत लेदरचं जॅकेट अंगावर किती दिवस राहणार, हे आधी स्वतःलाच विचारून घ्यावं. सूर्या नदीकाठच्या या गावात थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली पहाट, आणि तीही ऊन वर आलं की पसार. तरीही जॅकेट हवं असणारे इथे आहेतच. तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर घरी येणारे, रविवारी मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार गाठणारे, आणि मुलगा शिकायला थंड देशात निघाला म्हणून चौकशी करणारे आईवडील. या तिघांना एकच जॅकेट चालणार नाही. दुकानात शिरण्याआधी आपण कोणत्या गटातले, ते ठरवलेलं बरं.

मापानं शिवून घ्यायचं तर आपल्याला जवळचा मोठा बाजार धारावीचा. डहाणूपर्यंत 2013 पासून लोकल धावते, त्यामुळे पालघरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. धारावीत पूर्वी चामडं कमावलं जायचं. वांद्र्याचा कत्तलखाना 1971 मध्ये देवनारला गेला, कमावण्याचे कारखानेही हळूहळू बाहेर पडले, पण कापणं आणि शिवणं तिथेच टिकलं. आज तिथल्या कारागिरांकडे चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून कमावलेला माल येतो. राज्यात गोहत्येवर 1976 च्या कायद्याने बंदी होती, 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून आपल्यासमोर मुख्यतः मेंढी, बकरी आणि म्हैस एवढेच पर्याय असतात.

मेंढीचं चामडं मऊ, हलकं, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं. अंगावर छान पडतं, पण खिळ्याला अडकलं की फाटतं. बकरीचं त्याहून चिवट, पोत थोडा खडबडीत, ओरखडे लपवणारा. आपल्याकडच्या रोजच्या वापराला मी बकरीचंच निवडेन. म्हशीचं जाड आणि जड. मोटारसायकलवरून पडल्यावर अंगाची साल वाचावी असं वाटत असेल, तर जाडी एक मिलिमीटरच्या वरच हवी आणि खांद्या-कोपरांत गाद्या हव्यात. मेंढीचं देखणं जॅकेट रस्त्यावर घासलं गेलं की काही क्षणांत निकामी होतं. लांब पल्ल्याच्या स्वारीसाठी धारावीत शिवून घेण्यापेक्षा युरोपीय ईएन 17092 मानकाची चाचणी पास झालेलं तयार जॅकेट घ्यावं. इथे हौस बाजूला ठेवलेली बरी.

चामडं चौरस फुटावर विकलं जातं. मेंढी-बकरीचं एकेक कातडं चार-सहा फुटांचं, आणि जॅकेटला कापणीतली नासाडी धरून पस्तीस ते पंचेचाळीस फूट लागतात. म्हणजे आठ-दहा जनावरांची कातडी एका अंगावर येणार. ती सगळी एकाच रंगाईतली असायला हवीत, नाहीतर बाही एका छटेची आणि पाठ दुसऱ्या छटेची होते. कातडी उन्हात नेऊन शेजारी-शेजारी पसरून बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळे काळे सारखेच दिसतात. उलट बाजूही बघा. रेक्झिनला मागून विणीचं कापड दिसतं, खऱ्या चामड्याला तंतूंची लव. कण्याजवळचा भाग घट्ट असतो, तो छातीला आणि पाठीला यावा. पोटाकडचा भाग ताणला जातो, तो बाहीच्या आतल्या बाजूला लपवावा. चांगला कारागीर हे न सांगता करतो, पण आपण विचारलं की तो जरा सावरून बसतो.

आता मुख्य गोष्ट. कापडाची टीप चुकली तर उसवून पुन्हा मारता येते, आत ठेवलेली माया सोडून कपडा सैलही करता येतो. चामड्यात सुई गेली की भोक कायमचं. टीप उसवली तरी टिकल्यांची रांग उरते. म्हणून सगळी घासाघीस कात्री लागण्याआधी व्हायला हवी. आधी मांजरपाटाचं कच्चं जॅकेट शिवून द्या, असं कारागिराला सांगा. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या, ते सगळ्यांत सत्कारणी लागलेले पैसे ठरतील.

ते कच्चं जॅकेट घालून नुसतं आरशासमोर उभं राहू नका. खुर्चीवर बसा, हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, मान वळवा. मुंढा वर आणि आटोपशीर असेल तर हात उचलल्यावर जॅकेट पोटावरून वर सरकत नाही. खाली उतरलेला मुंढा शिवायला सोपा, म्हणून बऱ्याच ठिकाणी तोच मिळतो. कोपरात चुण्या पडून बाही आखूड होते, तेव्हा ती मनगटापुढे अर्धा-पाऊण इंच ठेवावी. छातीत मात्र घट्ट घ्या, चामडं वापरानं थोडं सैलावतं. आपल्याकडे आत स्वेटर येणार नाही, टी-शर्टवरच माप द्यायचं. परदेशी जाणाऱ्या मुलाचं माप मात्र जाड स्वेटर घालूनच घ्या.

मोटारसायकल जॅकेटची तिरपी चेन बऱ्याच जणांना नुसती फॅशन वाटते. अमेरिकेत शॉट कंपनीच्या पर्फेक्टो जॅकेटने 1928 पासून ही घडण रुळवली. पुढे वाकल्यावर चेन पोटात रुतत नाही आणि वारा आत शिरत नाही, असा तिचा उपयोग. उभ्यानेच मिरवायचं असेल तर सरळ चेन चांगली.

टाके दाट म्हणजे मजबूत, हा कापडाचा हिशेब इथे उलटा पडतो. दाट टाक्यांनी चामडं पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखं ओळीवर फाटतं. तीन ते चार मिलिमीटरचा टाका, धागा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. अस्तर सुती घ्या, चकचकीत साटीनमध्ये आपण घामाने निथळतो. चेन पितळेची किंवा जाड प्लॅस्टिक दातांची असावी. सातपाटी-तारापूरच्या खाऱ्या हवेत लोखंडी चेन एका पावसाळ्यात गंजते.

व्यवहारात संकोच नको. चामड्याचा प्रकार, जाडी, रंग, अस्तर, चेन आणि तारीख पावतीवर लिहून घ्या. आगाऊ निम्मेच पैसे द्या. अस्तर बसवण्याआधी एकदा घालून बघायला बोलवा, असं बजावा, आणि खरोखर जा.

जॅकेटचं खरं वैर पालघरच्या पावसाशी आहे. जून ते सप्टेंबर ते बंद कपाटात राहिलं की पांढरी बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच नको. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कापड झाकून, वारा लागेल असं टांगा. बुरशी दिसली तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. खोबरेल लावू नका, चुलीजवळ नेऊ नका. ही चार महिन्यांची राखण जमणार नसेल, तर पैसे वाचवा आणि जाड डेनिमचं जॅकेट घ्या. मासवणच्या थंडीला ते पुरतं.