विद्यावास्तूचे बाह्यावरण : शोभा, सावली आणि सुरक्षा



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने इमारतींच्या भिंतींचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गोडादरा येथील आपल्या शाळेच्या नव्या इमारतीसाठी माजी विद्यार्थी निधी जमवीत आहेत आणि तिचा दर्शनी भाग काचेचा व चकचकीत पत्र्यांचा असावा, अशी इच्छा अनेकजण बोलून दाखवितात. हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. ‘दर्शन’ या शब्दात पाहणे आहे, तसा तत्त्वविचारही आहे. विद्येच्या वास्तूचा दर्शनी भाग निवडताना हे दोन्ही अर्थ ध्यानी ठेवावे लागतात.

बाह्यावरणाची खरी कामे चार. त्याने ऊन अडवावे, पावसाचे पाणी आत येऊ देऊ नये, आगीला वाट करून देऊ नये आणि पन्नास वर्षांनीही गावातल्या कारागिराला दुरुस्त करता यावे. शोभा ही या चार कामांच्या पाठोपाठ येते. ती आधी आली, तर उरलेली कामे अडतात.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ घर खानदेशात आहे. तेथील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन सावकाश पितात आणि आतला गारवा टिकवितात. जाडी हाच तेथे उपाय आहे. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे असेल, तर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेकडे जावे. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी तिच्या इमारती उघड्या विटांनी रचल्या. भव्य कमानी आणि खोल कोनाड्यांमुळे खिडक्यांवर सावली राहते. मात्र त्याच विटांनी एक धडाही दिला. गिलाव्याविना उघड्या राहिलेल्या विटांत ओल शिरली, क्षार बाहेर आले, २००१ च्या भूकंपाचाही आघात झाला. तेथील विक्रम साराभाई ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. तात्पर्य, उघडी वीट सुंदर असते. परंतु ती पक्की भाजलेली हवी आणि तिची देखभाल अखंड हवी.

संशोधनसंस्थेचे उदाहरण म्हणून पुण्याची आयुका घ्यावी. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचिली. तिच्या भिंतींत खाली स्थानिक काळा बसाल्ट, त्यावर अधिक काळा कडाप्पा आणि सर्वांत वर तकतकीत काळा ग्रॅनाइट आहे. त्या वरच्या थरात आकाश प्रतिबिंबित होते. खगोलशास्त्राच्या संस्थेला शोभेल असा हा अर्थ साध्या दगडांच्या क्रमातून साधला आहे. त्यांतला तळचा दगड तर दख्खनच्या भूमीचाच. महागडी वस्तू आणली म्हणजे अर्थ येतो, हा भ्रम येथे गळून पडतो.

आता ज्या पत्र्यांचा आग्रह धरला जातो, त्यांचे स्वरूप पाहू. हा बहुधा ४ मिलिमीटर जाडीचा संमिश्र पत्रा असतो. ॲल्युमिनियमचे दोन पातळ थर आणि मध्ये प्लॅस्टिकचा गाभा, अशी त्याची रचना. तो हलका, स्वच्छ दिसणारा आणि झटपट बसणारा असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु गाभा पॉलिथिनचा असेल तर तो जळतो, आणि ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पत्रा व भिंत यांमधली पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी एका स्वयंपाकघरातील आग अशाच आवरणावरून २४ मजली इमारतीवर पसरली. ७२ माणसे दगावली. त्यानंतर इंग्लंडने २०१८ मध्ये १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारती, रुग्णालये आणि विद्यार्थी-वसतिगृहे यांच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील पदार्थ वापरण्यास बंदी केली.

लंडन दूर आहे. सरथाणा दूर नाही. २४ मे २०१९ रोजी तेथील तक्षशिला आर्केडला लागलेल्या आगीत २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक शिकवणीला आलेली मुले होती; कित्येकांनी वरून उड्या घेतल्या. त्या दुर्घटनेचा सारा भार एखाद्या पत्र्यावर टाकणे न्याय्य नव्हे. परंतु जेथे मुले बसतात, तेथे जळणारी कोणतीही वस्तू शोभेसाठी लावू नये आणि खिडकी व जिना झाकू नये, एवढे तरी सुरतेने त्या दिवसापासून कायमचे शिकावयास हवे.

काचेविषयी थोडक्यात सांगतो. काच ऊन आत घेते आणि तापलेल्या वस्तूंची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. मग वातानुकूलन आणि विजेचे बिल यांना अंत राहत नाही. शिवाय फळ्यावर चकाकी येते. दगडी फरशी लावावयाची असल्यास तिचे वजन ध्यानात घ्यावे. २५ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला सुमारे ६५ ते ७० किलो भरतो. उंचावर तो नुसत्या सिमेंटने चिकटवू नये; गंज न चढणाऱ्या पोलादी आकड्यांनी भिंतीला जखडावा.

गोडादऱ्याच्या इमारतीस मग काय शोभेल? पक्क्या विटांची भिंत, उत्तम गिलावा आणि फिकट रंग. वर्गांच्या मोठ्या खिडक्या उत्तरेस व दक्षिणेस असाव्यात. दक्षिणेचे ऊन उंचावरून येते, ते छज्जा अडवितो. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्जाला जुमानत नाही. तेथे उभी आडभिंत, जाळी किंवा जिना ठेवावा. छज्जाच्या खालच्या कडेला खाच असावी, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीकडे परतणार नाही. दर्शनी दगड हवाच असेल, तर तो प्रवेशद्वारापुरता, हाताच्या उंचीपर्यंत लावावा. मुलांचे हात तेथेच लागतात.

विश्वस्तांना माझी विनंती एवढीच, की कोणताही नमुना पसंत करण्यापूर्वी पुरवठादारास चार प्रश्न विचारावेत. गाभा कशाचा आहे? त्याच्या अग्निपरीक्षेचा दाखला कोठे आहे? पाणी शिरल्यास ते कोठून बाहेर पडेल? वीस वर्षांनी एक तुकडा बदलावयाचा झाल्यास तो मिळेल काय? उत्तरे लेखी घ्यावीत.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाची पाटी या भिंतीवर लागेल. ती पाटी वाचणारी मुले आत गारव्यात आणि निर्धास्त बसलेली असावीत, यापरते स्मारक नाही.